पहिली मॉड्यूल्स कोणती घ्यावीत? मायक्रोफ्रीक, व्होल्का आणि गावचा ढोल

जांभा

नमस्कार मंडळी. गणपती गेले, भातकापणीला अजून अवकाश आहे, हात थोडे मोकळे झालेत. वर्षभर मनात घोळणारा प्रश्न एकदाचा विचारून टाकतो.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात राहतो. घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर. माझ्याकडे आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक हा सिंथेसायझर (सिंथ) आहे, कॉर्गचा व्होल्का बीट्स (तालयंत्र) आहे, सहा चॅनेलचा मिक्सर आणि एक हातात मावणारा रेकॉर्डर. तीन वर्षं यावरच चाललंय आणि दोन्ही यंत्रांवर माझा जीव आहे. पण दोन गोष्टी काही केल्या जमत नाहीत.

पहिली म्हणजे गाज. आषाढात रात्री पडवीत बसलं की समुद्र ऐकू येतो, तो एकसारखा कधीच नसतो. लाट फुटते, मागे सरते, मध्येच दोन लाटा एकमेकींवर चढतात. घड्याळ लावून मोजलं तर दोन मोठ्या आवाजांमधलं अंतर कधी ८ सेकंद, कधी ११. मायक्रोफ्रीकच्या एका एलएफओवर (आवाज संथपणे वर-खाली करणाऱ्या आंदोलकावर) हे करायला गेलं की चार फेऱ्यांत कानाला ठेका सापडतो आणि समुद्र संपतो.

दुसरी म्हणजे ढोल. शिमग्यात आमच्याकडे पालखी सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) येते तेव्हाचा ढोल मी लहानपणापासून ऐकतोय. हा ढोल माणसानेच वाजवावा आणि त्या थापेने सिंथ हलावा, असं मला हवंय. ढोल सॅम्पल करून पॅडवर बसवायचा नाही. वाजवणारे काका थांबले की सिंथही थांबला पाहिजे.

यासाठी युरोरॅककडे, म्हणजे सुटी मॉड्यूल्स एका चौकटीत बसवून केबलने जोडायच्या सिंथकडे, वळावं असं वाटतं. एक ८४ एचपीची ओळ (एचपी म्हणजे रॅकमधलं रुंदीचं माप) आणि चार-पाच मॉड्यूल्स, एवढीच झेप आहे. कुठून सुरुवात करू?

पायपेटी

बरा केलंस, धागो काढलंस तो! मी कुडाळचा. दशावतारात पेटी वाजवतो, आणि घरी एक लहान रॅक आहे.

माझं मत सरळ आहे. पहिलं मॉड्यूल आवाज देणारं घ्या. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं प्लेट्स. १२ एचपीत मुळातच १६ प्रकारचे आवाज. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण डिझाइन सगळ्यांना खुलं ठेवलेलं असल्यामुळे इतरांनी बनवलेल्या प्रती मिळतात. केबल लावल्या लावल्या आवाज आला पाहिजे, नाहीतर माणसाचा उत्साह आठवड्यात विरतो. मी सुरुवातीला नुसते मिक्सर आणि अ‍ॅटेन्युएटर (पातळी कमी करणारी मॉड्यूल्स) घेऊन बसलो होतो. दोन महिने रॅककडे बघून परत पेटीवरच बसायचो.

तरफ

पायपेटी, उत्साहाचं अगदी मान्य. पण जांभा यांच्या बाबतीत प्लेट्सला माझा विरोध आहे, आणि त्याला कारण आहे.

मायक्रोफ्रीकमधले व्ही-अ‍ॅनालॉग, वेव्हशेपर, टू-ऑप एफएम, फॉर्मंट, कॉर्ड्स, स्पीच, मोडल हे प्रकार प्लेट्सच्याच खुल्या कोडमधून आलेले आहेत. नॉईजही त्यात आहे. म्हणजे प्लेट्सचा बराचसा आवाज त्यांच्या टेबलावर तीन वर्षं पडून आहे. तोच परत कशाला विकत घ्यायचा?

जांभा, तुमच्या यंत्रांना मागे कोणती भोकं आहेत ते आधी नीट बघा. सगळा निर्णय तिथे आहे. मायक्रोफ्रीकमधून पिच (स्वर), गेट (की दाबली-सोडली) आणि प्रेशर (बोटाचा दाब) ही तीन व्होल्टेजेस बाहेर येतात, शिवाय क्लॉक (तालाचे ठोके) आत-बाहेर. पण बाहेरचं कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे आवाज हलवणारं व्होल्टेज, आत घ्यायला एकही जॅक नाही. व्होल्का बीट्सला तर फक्त सिंक. म्हणजे रॅकमध्ये कितीही सुंदर एलएफओ आणलात तरी तो मायक्रोफ्रीकच्या फिल्टरला (आवाजातला वरचा-खालचा भाग गाळणाऱ्या भागाला) शिवू शकणार नाही. बरेच जण इथेच फसतात. मॉड्युलेशनचं महागडं मॉड्यूल घेतात आणि मग ते जोडायचं कुठे, हा प्रश्न पडतो.

उलट बाजूने विचार करा. मायक्रोफ्रीकचा आवाजच रॅकमध्ये न्या, आणि रॅकमधल्या फिल्टर-व्हीसीएने तो हलवा. मायक्रोफ्रीक तुमचा ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज काढणारा. तो आधीच घरात आहे.

आगर

मध्येच विचारतो, मी नवखा आहे. व्हीसीए म्हणजे नेमकं काय? सगळे म्हणतात की व्हीसीए कितीही घेतले तरी कमीच. म्हणजे तो आवाज मोठा करतो का?

तरफ

आगर, व्हीसीए म्हणजे नळाची तोटी, फक्त ती हाताऐवजी व्होल्टेजने फिरते. नाव अ‍ॅम्प्लिफायर असलं तरी बहुतेक वेळा तो आवाज वाढवत नाही, किती सोडायचा ते ठरवतो. आणि त्यातून आवाजच जायला हवा असं नाही. एका एलएफओचा जोर दुसऱ्या एलएफओने कमी-जास्त करायचा असेल तर मध्ये व्हीसीएच लागतो. म्हणून कमी पडतात.

जांभा

तरफ, जॅकचं तुम्ही म्हणता ते उठून बघितलं. खरंच आत घ्यायला काही नाही. तीन वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. आता ढोलाचं सांगा. ढोलाची थाप व्होल्टेज कशी होणार?

तरफ

माझं आवडतं काम. आयुष्यभर सावंतवाडीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे थोडं लांबेल.

डोप्फरचं ए-११९ बघा, ८ एचपी. बाहेरचा आवाज रॅकच्या पातळीला आणतं, आणि त्याच आवाजातून आणखी दोन गोष्टी काढून देतं. एक, एन्व्हलप, म्हणजे आवाज जसा चढतो-उतरतो तसं चढणारं-उतरणारं व्होल्टेज. दोन, गेट. आवाज तुम्ही ठरवलेल्या उंबरठ्यावर गेला की चालू, खाली आला की बंद. तुमच्या दोन्ही गरजा या एका मॉड्यूलपासून सुरू होतात, कारण मायक्रोफ्रीकही याच दारातून आत येणार.

दार लागतंच का, तेही सांगतो. युरोरॅकमधला आवाज साधारण १० व्होल्ट शिखर-ते-शिखर असतो. घरगुती लाईन लेव्हल त्यात एका व्होल्टच्या आसपास. थेट जोडलं तर आवाज येतो, पण मरतुकडा. फिल्टरला त्याच्यावर काम करायला अंगच मिळत नाही. बाहेर पडताना उलट, मिक्सरचं इनपुट फाटू नये म्हणून आवाज खाली आणावा लागतो.

ढोलाला पिएझो लावा. तो नाण्याएवढा पितळी तुकडा, घड्याळाच्या अलार्ममध्ये असतो तोच. चामड्यावर लावू नका, खोडाच्या लाकडावर लावा, कडेपासून चार बोटं आत. चामड्यावर लावलात तर एकेक थाप दोनदा मोजली जाईल आणि वाजवणाऱ्यांनाही तो आवडणार नाही. पिएझोला इनपुटचा रोध मेगाओमच्या घरातला हवा असतो, नाहीतर खालचा आवाज गळतो. पण इथे आपल्याला ढोलाचा आवाज नकोय, थापेचा क्षण हवाय. त्यामुळे गळला तरी चालेल. ढोल तर अंगणात आहेच, तो कानाने ऐकायचा.

पायपेटी

हां, असं असेल तर माझं प्लेट्स मी मागे घेतो. मायक्रोफ्रीकमध्ये तेच आहे हे मला माहीत नव्हतं.

मग माझा दुसरा कौल मेक नॉईजच्या मॅथ्सला. २० एचपी म्हणजे पाव ओळ खातं, पण एवढं काम करणारं दुसरं मॉड्यूल मी पाहिलेलं नाही. त्यातल्या पहिल्या आणि चौथ्या चॅनेलला चढ आणि उतार वेगवेगळे लावता येतात. ट्रिगर (सुरू करणारा ठोका) दिला तर एन्व्हलप, सायकल दाबलं तर एलएफओ, आणि तोही इतका संथ होऊ शकतो की एक फेरी २५ मिनिटांची. मधून पिच पाठवला तर मींड. मी तर ते मींडेसाठीच घेतलं. पेटीवर जे कधीच येणार नाही ते तिथे एका नॉबवर येतं.

तुमची गाज अशी करा. पहिलं चॅनेल सायकलवर, फेरी अंदाजे ९ सेकंदांची, चढ लवकर आणि उतार सावकाश. चौथं १३ सेकंदांचं. दोन्ही बेरजेच्या सम आउटमधून व्हीसीएला. मायक्रोफ्रीकवर नॉईज लावून एक की होल्ड करा. ९ आणि १३ एकमेकांना सहज भागत नाहीत, त्यामुळे दोघांची गाठ तशीच्या तशी पडायला ११७ सेकंद लागतात, आणि नॉब हाताने लावलेले असल्यामुळे तीही नेमकी पडत नाही. सहाव्या फेरीतही ठेका सापडणार नाही.

तरफ

वा! आणि तेच व्होल्टेज थोडं कमी करून फिल्टरलाही द्या. लाट जवळ येते तेव्हा नुसती मोठी होत नाही, तिच्यातला वरचा फेसाळ आवाज उघडतो. मागे सरताना आधी तो जातो, मग खालची घरघर. फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही हलले तरच ती फुटलेली लाट वाटेल. फिल्टरला डोप्फरचं ए-१२० साधं आणि पुरेसं आहे, मूग या अमेरिकन सिंथच्या लॅडर पद्धतीचं, ८ एचपी.

वायरमन_गुहागर

सगळे आवाजावर बोलताय, मी विजेवर बोलतो. कोकणात हे आधी बघावं लागतं.

युरोरॅकला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट दोन्ही लागतात, काहींना ५ व्होल्टही. प्रत्येक मॉड्यूल दोन्ही बाजूंना किती मिलीअँपिअर खातं ते बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं. दोन्हींची वेगवेगळी बेरीज करा आणि पुरवठा त्याहून किमान चौथाई जास्त ताकदीचा घ्या. पट्टीकेबलच्या एका कडेला लाल रेघ असते ती उणे १२ ची. ती उलटी लागली तर काही मॉड्यूल्समध्ये बचाव असतो, काहींत नसतो. लावल्यावर बोट ठेवून दुसऱ्यांदा बघा आणि मगच बटण दाबा. माझ्या एका ओळखीच्या मुलाने घाईत उलटी लावली, धूर निघाला आणि दोन महिन्यांची बचत गेली.

आता अर्थिंग. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. स्पीकरमधला ५० हर्ट्झचा घुं आवाज निम्म्या घरांत यानेच कमी होतो. उरलेला निम्मा लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरमुळे असतो. सिंथ, मिक्सर, रॅक, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डावरून घ्या.

वळवाचे दिवस आले की वीज कडाडायच्या आधीच प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि इंटरनेटची तारही काढायची.

रेवदंडा

वायरमनदादांना दुजोरा. शिवाय खारी हवा. आमच्याकडे अलिबागच्या बाजूला कॅमेरा ठेवणारे लोक कपाटात १५ वॅटचा दिवा लावून ठेवतात बुरशीसाठी, मी रॅकलाही तेच करतो. झाकण असलेली केस घ्या, आत सिलिका जेल ठेवा, आणि पावसाळ्यात रोज तासभर तरी रॅक चालू ठेवा. चालू यंत्र आतून ऊबदार राहतं. सगळ्यात लवकर जॅक खराब होतात. केबल फिरवली की खरखरायला लागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा वेळा आत-बाहेर करा.

जांभा

फार मोलाचं. लिहून घेतलं सगळं.

केसबद्दल: आमच्या वाडीतले सुतार फणसाच्या लाकडाची करून देतो म्हणतायत. माप कसं द्यायचं?

तरफ

एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, म्हणजे ८४ एचपीला ४२६.७. आतला गाळा ४२८ ठेवा, लाकूड फुगतं. पॅनेलची उंची १२८.५. ही मापं डोप्फरने ए-१०० ही मॉड्यूल्सची मालिका काढताना प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या रॅकमधून घेतली, त्यामुळे रेल औद्योगिक सामानातही मिळतात. रेल अ‍ॅल्युमिनियमचेच घ्या, लाकडात थेट स्क्रू मारू नका. पहिल्या पावसातच भोकं हलतील. आणि फणस पूर्ण वाळलेला आहे ना, हे सुतारांना दोनदा विचारा.

पायपेटी

जांभा, तुम्ही क्वांटायझर (व्होल्टेज ठराविक स्वरांवर बसवणारं मॉड्यूल) घेणार आहात का? कारण सगळ्या याद्यांमध्ये तो असतो आणि मी घेऊन पस्तावलो.

एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, हा युरोरॅकचा हिशेब. क्वांटायझर त्याचे सारखे १२ तुकडे करतो, ८३.३ मिलिव्होल्टचा एकेक. पंचमाला फारसा फरक पडत नाही: शुद्ध पंचम ५८५ वर, क्वांटायझरचा ५८३. पण गंधार! तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३२२ मिलिव्होल्टवर बसतो आणि क्वांटायझर देतो ३३३. काळी एकचा षड्ज धरला तर षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा स्वयंभू (उपस्वर) एकमेकांशी सेकंदाला साडेपाच वेळा आंदोलतात. पेटीवर आम्हाला आयुष्यभर हेच सोसावं लागतं. दशावतारातला गाणारा नट गंधार पेटीच्या खाली ठेवतो आणि मी तिथे पट्टीवरून बोट उचलतो. रॅकवर तरी ते कशाला? साधं ऑफसेटचं (ठराविक व्होल्टेज देणारं) नॉब घ्या आणि कानाने लावा. आंदोलनं थांबली की लागला.

तरफ

याला माझी मान डोलली. त्यात एक पुरवणी. पिचचं व्होल्टेज दोन ऑसिलेटरना वाटायचं असेल तर साध्या मल्टने (एका व्होल्टेजच्या अनेक वाटा करणाऱ्या मॉड्यूलने) वाटू नका, पातळी पडू न देणारं बफर्ड मल्ट घ्या. बऱ्याच आउटपुटना १ किलोओमचा रोध असतो आणि इनपुट १०० किलोओमचा. एक जोडला की साधारण टक्काभर व्होल्टेज पडतं, दुसरा जोडला की आणखी एक टक्का. ३ व्होल्टवर एक टक्का म्हणजे ३० मिलिव्होल्ट, सेमीटोनचा तिसरा हिस्सा. आत्ताच लावलेला गंधार केबल लावल्याबरोबर उतरला, असं होईल आणि कारण सापडणार नाही.

आगर

हे सगळं आपल्याकडे एवढं नवीन आहे का? गावात सांगितलं तर लोक विचारतात, हे कुठलं विलायती खूळ.

रेवदंडा

नवीन नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूगचा मॉड्युलर सिंथ आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला, आणि संगीतकार गीता साराभाई यांचा त्यामागे मोठा वाटा होता. रॉबर्ट मूग यांचा पहिला नमुना १९६४ चा, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत तो इथे पोहोचला. आपल्याकडच्या लोकांनी त्यावर काम केलं, टेप्स भरल्या. मध्ये कित्येक वर्षं त्या पडून होत्या एवढंच.

जांभा

हे वाचून अंगावर काटा आला. मला वाटत होतं आपण अगदी एकटे आहोत.

तर यादी अशी ठरवतोय: ए-११९, ए-१२०, दुहेरी व्हीसीए ए-१३२-३, मॅथ्स, आणि बाहेर पडायला ए-१३८ मिक्सर. ८, ८, ८, २० आणि ८, एकूण ५२ एचपी. ३२ मोकळे. एकदम घ्यायची ऐपत नाही, आंब्याचे पैसे आले की उरलेली. आधी कोणती?

तरफ

ए-११९, ए-१२० आणि व्हीसीए आधी. ए-११९ चा एन्व्हलप फिल्टरला देऊन पहिल्याच दिवशी ढोलाने आवाज हलेल. बाहेर पडताना मिक्सरच्या चॅनेलचा गेन पूर्ण खाली ठेवून व्हीसीएचा आवाज कमी सोडा, तेवढ्यावर चालतं. मॅथ्स दिवाळीनंतर. मोकळ्या जागेवर कोरी पट्टी लावा, पाली आत जातात.

तोवर लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक (युरोरॅकची संगणकावरची नक्कल) उतरवून घ्या, फुकट आहे. गाजेचा पॅच (केबलची जोडणी) तिथे करून बघा.

जांभा

शिमगा आटोपला, धागा वर काढतो.

मॅथ्स जानेवारीत आलं. गाज पहिल्याच रात्री जमली. पायपेटींचे ९ आणि १३ मी ८ आणि ११ केले, आमच्या समुद्राप्रमाणे. आईला न सांगता पडवीत स्पीकर ठेवला. ती आतून म्हणाली, भरती लवकर आली आज.

ढोलाला मात्र वेळ लागला. पालखीत काही न्यायचं नाही हे आधीपासून ठरलेलं होतं, तिथे देवाचं काम. मानकऱ्यांना विचारून, ढोल वाजवणाऱ्या काकांना आमच्या अंगणात बोलावलं. सरावाचा ढोल, खोडावर पिएझो, तिथून ए-११९. पहिले तीन दिवस प्रत्येक थापेला दोन-तीन गेट. तरफ म्हणाले होते तसं खोडावरच लावलं होतं, तरी. मग कळलं की दुसऱ्या बाजूची पातळ काठी खोडातून इकडे येतेय. उंबरठा वाढवला तर जाड टिपरूच्या (जाड काठीच्या) हलक्या थापा गळायला लागल्या. शेवटी गेट मॅथ्सच्या पहिल्या चॅनेलला दिला आणि चढ थोडा वाढवला. ते चॅनेल चढत असताना आलेला नवा ट्रिगर घेत नाही, त्यामुळे मधले सगळे खोटे गेट आपोआप गाळले जातात. उतार सहा सेकंद. ते फिल्टर आणि व्हीसीए दोन्हींना, आत मायक्रोफ्रीकवर षड्ज-पंचम आणि थोडं नॉईज.

काकांनी जाड बाजूवर एक थाप दिली आणि षड्ज उघडून सावकाश मागे सरला. ते थांबले. परत एक दिली. मग पंधरा-वीस मिनिटं त्यांनी पालखीची चाल वाजवलीच नाही. एक थाप, मग तो स्वर पूर्ण विझेपर्यंत वाट, मग पुढची. ते अंतर दर वेळी वेगळं. मला म्हणाले, "हा माझ्या मागून येतो रे, पुढे जात नाय."

रेकॉर्डिंग आहे, पण वाऱ्याचा आवाज फार आलाय. पुढच्या खेपेला नीट करून इथे देतो.

पायपेटी

वाऱ्यासकट द्या. आणि मॅथ्सचा चढ नेमका किती ठेवलात ते सांगा, मला मृदंगावर लावून बघायचं आहे. आमच्याकडे लय दुप्पट जाते तेव्हा थापा गळतील का, ही शंका आहे.

जांभा

नॉब साधारण घड्याळातल्या दहावर. दुप्पट लयीत गळतात, काल बघितलं. आठच्या आसपास आणलं की सगळ्या येतात, पण तेव्हा पातळ काठीही येते. मृदंगाला दोन्ही तोंडांजवळ वेगवेगळे पिएझो लावून दोन ए-११९ लागतील असं दिसतंय. माझे ३२ एचपी मोकळे आहेत. तुम्ही मृदंग घेऊन या, सोबत तुमचं ए-११९ असेल तर तेही आणा.